हवेलीची दुसरी नोंद

(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

सहलीची सूचना फलकावर लागली की आपल्या महाविद्यालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंदा कुठला राजवाडा? बीदरचा किल्ला पाहून झाला, विजापूरचा गोलघुमट झाला, हंपी झाली आणि म्हैसूरचा राजवाडा तर प्रत्येक तुकडीच्या नशिबी लिहिलेलाच आहे. या स्थळांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु कला शाखेची सहल आणि वाणिज्य शाखेची सहल यांत काडीचाही फरक नसावा, ही गोष्ट मला खटकते. वर्षभर आपण भांडवल, उत्पादनखर्च, किंमत, नफा हे शब्द घोकतो. सहलीला निघालो की मात्र या शब्दांशी ज्यांची कधी गाठ पडली नाही अशा राजांची घरे पाहून परत येतो. बीदरला महमूद गवानाच्या मदरशापुढे उभे राहून 'बहमनींचा वजीर' एवढेच आपण वहीत उतरवून घेतो. हा वजीर इराणातल्या गिलानहून दक्षिणेत आला तो व्यापारी म्हणून, ही आपल्या शाखेच्या कामाची गोष्ट वहीबाहेरच राहते.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की, एखादी वस्तू तयार करून बाजारात विकली अशा माणसाचे घर आपल्या सहलीत असले पाहिजे. आणि दुसरे म्हणणे असे की, ते घर राजवाड्यासारखे पाहून चालणार नाही. ते हिशेबनिसाच्या नजरेने पाहावे लागेल. हे दुसरे म्हणणे पटवून देण्यासाठी मी रेडिओचे उदाहरण घेणार आहे. रेडिओ अशासाठी की, आपल्या सीमाभागात मराठी घरातही तो होता आणि कन्नड घरातही होता. या अंकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्यांना तो सारखाच ओळखीचा आहे.

रेडिओच्या कारखानदारीतील आद्य पुरुषांत पॉवेल क्रॉस्ली (१८८६-१९६१) या अमेरिकन गृहस्थांचे नाव मोठे आहे. ओहायो राज्यातील सिनसिनाटी हे त्यांचे गाव. मोटार तयार करण्याच्या वेडापायी त्यांनी तरुणपणी हात पोळून घेतले. पुढे मोटारींचे सुटे सामान टपालाने विकण्याचा धंदा त्यांनी केला आणि त्यात मात्र जम बसला. १९२१ साली त्यांच्या लहान मुलाने रेडिओचा हट्ट धरला. दुकानात किंमत विचारली तर ती शंभर डॉलरच्याही वर. क्रॉस्लींनी पंचवीस सेंटची एक पुस्तिका विकत घेतली आणि घरीच संच जुळवला. असे प्रसंग पुष्कळ घरांत घडतात व तेथेच संपतात. क्रॉस्लींनी मात्र पुढचा प्रश्न विचारला : एवढ्याशा सामानाला एवढी किंमत का?

या एका प्रश्नातून कारखाना उभा राहिला. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या तयार करण्याची सोय त्यांच्याकडे आधीच होती, म्हणजे रेडिओच्या पेटीचा खर्च आटोक्यात होता. विद्यापीठातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी हाताशी धरून त्यांनी साधा स्फटिक संच तयार करवला. त्याचे नाव 'हार्को' आणि किंमत दहा डॉलरच्या आत. चांगल्या संचासाठी आर्मस्ट्राँग यांच्या पेटंटचा परवाना हवा होता, तर तो परवाना ज्या कंपनीजवळ होता ती कंपनीच त्यांनी विकत घेतली. १९२५ साली त्यांचा 'पप' नावाचा एका व्हॉल्व्हचा संच पावणेदहा डॉलरला विकला जात होता. त्या दशकात त्यांची कंपनी जगातील सर्वात मोठ्या रेडिओ कारखानदारांत गणली गेली आणि लोक त्यांना रेडिओतील हेन्री फोर्ड म्हणू लागले.

येथे एक मुद्दा आपल्या प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून द्यावा इतका चांगला आहे. स्वस्त संचाची ओढ कमी असते. लांबच्या केंद्राचा क्षीण आवाज त्याला पकडता येत नाही. मग गरीब गिऱ्हाईक स्वस्त संच घेऊन करणार काय? क्रॉस्लींनी यावर उलट्या बाजूने उपाय काढला. संच महाग करण्याऐवजी त्यांनी केंद्र मोठे केले. १९२२ साली सुरू केलेले डब्ल्यूएलडब्ल्यू हे त्यांचे केंद्र वाढत वाढत १९३४ मध्ये पाच लाख वॅटवर गेले. अमेरिकेत इतक्या शक्तीचे दुसरे व्यापारी केंद्र तेव्हा नव्हते आणि पुढेही झाले नाही. उद्घाटनाची कळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दाबली. दुसऱ्या केंद्रांच्या तक्रारी वाढल्या व १९३९ साली सरकारने ही शक्ती पुन्हा खाली आणायला लावली. पण तोवर स्वस्त संच खेड्यापाड्यांत जाऊन पोहोचला होता. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या घरगुती मालिका ज्या केंद्रांवरून प्रथम लोकप्रिय झाल्या, त्यांतही हे केंद्र होतेच. सिनसिनाटी हे साबणाच्या प्रसिद्ध कारखान्याचेही गाव. वस्तू, तिचा ग्राहक आणि जाहिरातदार हे तिघे एकाच धाग्यात कसे ओवले जातात याचा याहून स्पष्ट धडा पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

आता हवेलीकडे वळू. खरे तर हवेल्या दोन. एक सिनसिनाटीतच, 'पाईनक्रॉफ्ट' नावाची, जुन्या इंग्रजी धाटणीची. दुसरी हिवाळ्यात राहण्यासाठी फ्लोरिडात सारासोटाच्या उपसागरकाठी, 'सीगेट' नावाची, भूमध्यसागरी धाटणीची. सीगेट १९२९-३० साली बांधली गेली. अकरा हजार चौरस फुटांचे हे घर ठेकेदाराने १३५ दिवसांत पुरे केले आणि त्याला साडेतीन लाख डॉलर लागले, असे सांगतात. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचे नाव आले आणि १९९१ मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाने ती विकत घेऊन राखली. तेथे आता लग्नसमारंभ आणि मेजवान्या होतात, हौशी लोक फिरून घर पाहतात.

अशा घरांची सफर आपल्यासारख्यांना मोबाईलच्या पडद्यावरही करता येते. आमच्या वर्गातील चार मित्रांनी मिळून ती केली. चौघांचेही उद्गार एकच : "काय घर आहे!" मला हा उद्गार अपुरा वाटतो. म्हणून त्याच बैठकीत आम्ही कागद-पेन्सिल घेतली. साडेतीन लाख डॉलर म्हणजे दहा डॉलरला एक या भावाने पस्तीस हजार संचांची विक्री. पण विक्रीची किंमत म्हणजे नफा नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. एका संचामागे सगळा खर्च वजा जाता एक डॉलर उरतो असे उदाहरणादाखल धरले, तर ही एक हिवाळी हवेली साडेतीन लाख संचांच्या पोटातून निघाली. साडेतीन लाख वेळा कोणीतरी तारेचे वेटोळे गुंडाळले, पेटीला खिळे मारले, खोक्यात भरले. साडेतीन लाख घरांत कोणीतरी पगारातून वा धान्याच्या पैशातून दहा डॉलर बाजूला काढले. हवेलीच्या भिंतीकडे पाहताना हे साडेतीन लाख दिसले नाहीत, तर आपण पाहिले ते काय?

पुस्तपालनाच्या पहिल्याच तासाला आपल्याला शिकवतात की प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात. एक खाते जमा होते तेव्हा दुसरे नावे पडतेच. एकच बाजू लिहिली तर तेरीज जुळत नाही. ऐतिहासिक हवेल्यांच्या सफरीत नेमके हेच होते. तेथे एकेरी नोंद असते. मालकाचे दालन, मालकिणीचे दालन, जिना, नक्षी, उपसागराचे दृश्य. त्या बदल्यात कोणाच्या नावे काय पडले, ते पान उघडलेच जात नाही.

क्रॉस्लींच्या बाबतीत हे दुसरे पान शोधायला लांब जावे लागत नाही. सिनसिनाटीच्या कॅम्प वॉशिंग्टन भागात त्यांच्या कारखान्याची उंच इमारत आहे. ती १९३० च्या सुमारास, म्हणजे हवेलीबरोबरच, उभी राहिली. पुढे मालक बदलले, काम थांबले आणि ही इमारत फुटक्या काचांनिशी कित्येक वर्षे ओसाड पडून राहिली. एकाच माणसाच्या दोन वास्तू, दोन्ही एकाच काळातल्या. ज्या वास्तूत पैसा खर्च झाला तिला रंगरंगोटी आणि लग्नाच्या वराती. ज्या वास्तूत पैसा मिळाला तिच्यात कबुतरे. हा केवळ अमेरिकेचा दोष समजू नये. आपल्याकडे ठाण्याला मर्फी रेडिओचा मोठा कारखाना होता. बंगळूरला म्हैसूर रस्त्यावर 'रेमको' नावाने ओळखला जाणारा रेडिओचा कारखाना होता. त्या गावांची सहल काढणाऱ्या किती जणांना ही नावे ठाऊक असतील?

यावर आक्षेप येतील हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप आमच्याच वर्गातून आला. "अरे, कारखान्यात पाहायचे काय? गंजलेले पत्रे? घर पाहायला डोळ्यांना तरी बरे वाटते." हा आक्षेप खोटा नाही. प्रत्येक कारखाना राखायचा म्हटले तर कोणत्याही सरकारची तिजोरी पुरणार नाही आणि गावात राहायला जागाही उरणार नाही. माझी मागणी एवढी मोठी नाहीच. हवेलीच्या दिवाणखान्यातच एका टेबलावर तो पावणेदहा डॉलरचा संच ठेवावा. शेजारी त्या काळच्या कामगाराला आठवड्याला काय मिळत होते ते लिहावे. मग पाहणारा आपल्या मनाशी भागाकार करील आणि त्याला नक्षीदार जिन्याचा अर्थ वेगळा लागेल. दुसऱ्या नोंदीला इमारत लागत नाही, एक पाटी पुरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आदरणीय प्राध्यापकांकडून येण्याचा संभव आहे. तो असा की, हा तर श्रीमंतांवरचा राग झाला. ज्याने हजारोंना काम दिले आणि लाखोंना स्वस्त वस्तू दिली त्याने चांगले घर बांधले तर तुमचे काय गेले? माझे नम्र उत्तर असे की, घराबद्दल मला असूया नाही. शंभर डॉलरची वस्तू दहा डॉलरला आणणारा माणूस समाजाचे ऋण फेडूनच घर बांधतो, असे मीही मानतो. उलट हवेलीपुरतेच पाहणारे लोक क्रॉस्लींवर अन्याय करतात. त्यांची खरी करामत जिन्यात नाही, किमतीत आहे. शिवाय ताळेबंद हा नेहमी एका ठरावीक तारखेचा असतो. सीगेटचे बांधकाम चालू असताना, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३९ साली त्याच घरात क्रॉस्लींच्या पत्नी वारल्या आणि त्यानंतर त्यांचा त्या घरातील जीव उडाला. महायुद्धाच्या काळात तेथे वैमानिक राहिले. १९४५ साली रेडिओ कंपनी विकली गेली, १९४७ साली घरही विकले गेले. पुन्हा मोटारींचा नाद केला, तोही कारखाना १९५२ मध्ये बंद पडला. हवेली पाहून 'केवढे हे वैभव' म्हणणारा माणूस ताळेबंदाची एकच तारीख वाचतो.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. अमेरिकेच्या हवेलीचे आम्हां आळंद-खजुरीच्या मुलांना काय? तेथे काही आपली बस जाणार नाही. हे बरोबर आहे. म्हणून आता आपल्या बाजूची घरे पाहू.

म्हैसूरला महाराजा कॉलेजात डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 'विठ्ठल विहार' हे त्यांचे राहते घर. या घरातून १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी ३० वॅटच्या यंत्रावर नभोवाणी सुरू केली आणि तिला 'आकाशवाणी' हे नाव दिले. तीस वॅट म्हणजे आपल्या जुन्या मिणमिणत्या बल्बएवढी शक्ती! पुढे २५० वॅटचे यंत्र आले. लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या पदरमोडीवर त्यांनी काही वर्षे हा व्याप चालवला आणि नंतर तो संस्थानाने आपल्याकडे घेतला. स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या रेडिओने 'आकाशवाणी' हेच नाव पत्करले. आज म्हैसूरचे आकाशवाणी केंद्र ज्या भागात आहे, त्याच्या जवळच विठ्ठल विहारची जागा. दरवर्षी म्हैसूरचा राजवाडा पाहून आपली बस वृंदावन बागेकडे वळते. या घराची पायरी चढण्याचा विचार आजवर कोणाच्या मनात आलेला नाही.

म्हैसूर तरी दुसऱ्या संस्थानात. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची नभोवाणीही एका घरातूनच सुरू झाली. हैदराबादेत चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या टपाल-तार खात्यातील गृहस्थांनी २०० वॅटचे केंद्र चालवले होते. १९३५ साली सरकारने ते हाती घेतले आणि त्याचा 'डेक्कन रेडिओ' झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने माघार जाहीर केली ती रेडिओवरूनच. त्या तारखेचा उत्सव आपण महाविद्यालयात दरवर्षी झेंडा लावून करतो. ती बातमी ज्या यंत्रातून आली त्याचा आरंभ एका गल्लीतल्या घरात झाला, हेही त्या दिवशी कोणी दोन वाक्यांत सांगावे.

आणि मुंबईची घरे तर याहून विलक्षण आहेत. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला आणि पुढे तो मुंबईत आणला. त्यांचे 'शिकागो रेडिओ' हे नाव भारतीय ध्वनियंत्रांच्या कारखानदारीत अग्रभागी आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि मोठमोठ्या सभांत त्यांचे ध्वनिक्षेपक असत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्टला त्याचा आवाज प्रथम ४२.३४ मीटरवर ऐकू आला. त्याला यंत्रसामग्रीची मदत केल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांनाही अटक झाली. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव अशा ठिकाणी एका घरातून दुसऱ्या घरात हलवले जाई. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला व उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ही घरे हवेल्या नव्हत्या. भाड्याच्या खोल्या होत्या. पण रेडिओच्या कारखानदाराने आपली मिळकत कोठे पणाला लावली हे पाहायचे असेल, तर गिरगावच्या त्या गल्ल्यांतून एकदा पायी फिरावे. तेथे जमेची बाजू कोरी आहे. नावे बाजूला एक कारखानदार, काही तरुण आणि चार वर्षांची शिक्षा आहे.

इतके झाल्यावर दुसऱ्या नोंदीतला शेवटचा माणूस उरतो. तो म्हणजे ऐकणारा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची सहा केंद्रे होती आणि साऱ्या देशात रेडिओ संच होते सुमारे पावणेतीन लाख. पस्तीस कोटी माणसांत पावणेतीन लाख! खेड्यात वीज नव्हती, व्हॉल्व्हच्या रेडिओला जड बॅटरी लागे, शिवाय टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. म्हणून १९५६ साली पुणे केंद्राने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या. एक संच आणि अख्खे गाव. पुढे ट्रान्झिस्टर आला, सेलवर चालू लागला, दर कमी झाला आणि प्रत्येक घराचा वेगळा रेडिओ झाला.

आमच्या खजुरीत तो कसा आला ते आजोबांकडून ऐकले आहे. तुरीचे पैसे हातात आले तेव्हा आजीने पाटल्यांची आठवण करून दिली आणि आजोबा आळंदच्या बाजारातून ट्रान्झिस्टर घेऊन आले. आजी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, "अहो, ते अभंगाचं लावा की." गुलबर्ग्याचे केंद्र १९६६ पासून कन्नड बोलत होते, परभणीचे १९६८ पासून मराठी. धारवाड आणि पुणे त्याहून जुने. आजोबा पावसाचा अंदाज कानडीतून ऐकत आणि भजन मराठीतून. सीमेच्या प्रश्नावर पंचायतीच्या कट्ट्यावर पुष्कळ वाद झाले असतील, परंतु रेडिओचा काटा इकडून तिकडे सरकायला कोणाची परवानगी लागली नाही. आमच्या घरात आज जी दोन भाषांची सहज ये-जा आहे, तिच्यात शाळेइतकाच त्या काट्याचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या साडेतीन लाख संचांमागे साडेतीन लाख अशाच आजी असतील. पाटल्या मागे पडलेल्या.

तो ट्रान्झिस्टर आता बोलत नाही. त्याला बोलता करू शकणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी अजून आहे, पण त्याने दुकानात मोबाईलचे कव्हर विकायला ठेवले आहेत. जुने रेडिओ त्याच्याकडे दुरुस्तीला येत नाहीत, भंगारवाल्याकडे किलोवर जातात. कोणत्या कंपनीच्या संचाची डायलची दोरी लवकर तुटे, कोणाचा बँड स्विच पावसाळ्यात खरखरे, कोणता स्पीकर वीस वर्षे टिकला, हे सारे ज्ञान त्या एका माणसाच्या बोटांत आहे. कंपन्यांच्या अहवालांत ते सापडणार नाही. बाजारातील वस्तूची खरी पत दुरुस्ती करणाऱ्यालाच माहीत असते. हा माणूस ज्या दिवशी दुकान बंद करील, त्या दिवशी आपल्या तालुक्यापुरते रेडिओच्या खात्याचे एक पान फाटले असे मी समजेन. हवेल्या राखायला सरकार आहे, ट्रस्ट आहेत. हे पान राखायला आपल्यावाचून कोणी नाही.

म्हणून केवळ टीका करून न थांबता काही सूचना मांडतो. पहिली सूचना, येत्या वर्षीची वाणिज्य शाखेची सहल म्हैसूरला गेली तर राजवाड्याच्या वेळेतून एक तास काढून विठ्ठल विहारच्या जागेकडे आणि शेजारच्या आकाशवाणी केंद्राकडे जावे. केंद्राची परवानगी आधी पत्र लिहून मागावी. दुसरी सूचना, कोणत्याही मोठ्या माणसाचे घर पाहताना प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत : या घराचा पैसा कोणत्या वस्तूतून आला, ती वस्तू कोणी तयार केली आणि ती कोणाला परवडली. राजवाड्यालाही हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. वस्तूच्या जागी शेतसारा येईल, एवढाच फरक. तिसरी सूचना, आपल्या वाणिज्य विभागात एक काचेचे कपाट ठेवावे. गावोगावच्या विद्यार्थ्यांनी घरातले बंद पडलेले रेडिओ त्यात आणून द्यावेत. प्रत्येक संचाखाली एक चिठ्ठी असावी, मराठीत आणि कन्नडात : केव्हा घेतला, कितीला घेतला, पैसा कोणत्या पिकाचा वा पगाराचा, दुरुस्त कोणी केला. कन्नड विभागातील मित्रांनी चिठ्ठ्यांच्या भाषांतराला हात लावावा, ही विनंती.

आमच्या घरचा संच द्यायला आजोबा तयार आहेत. आजीची एक अट आहे. चिठ्ठीवर पाटल्यांचा उल्लेख यावा. मला ही अट हिशेबाच्या नियमाला धरूनच वाटते. कपाटासाठी लागणारी जागा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात आहे, ती मी मोजून पाहिली आहे : रुंदी सहा फूट, खोली दीड फूट. विभागप्रमुखांकडे अर्ज देत आहे, ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी मधल्या सुटीत भेटावे.